व्हॉल्व्ह बघून येतो

घरी जेवणाच्या टेबलावर मुंगीची सगळी गणितं बरोबर यायची आणि शाळेच्या बाकावर सगळी चुकायची. गणितं तीच, डोकं तेच, पेन्सिलसुद्धा तीच. बदलायचं ते फक्त टेबल. आता टेबलाला का गणित येतं? मुंगीच्या आईला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं आणि न सुटलेलं काहीही डोक्यात घेऊन झोपणाऱ्यांतली ती बाई नव्हती.

मुंगी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा मूठभर होती आणि पाय फुटल्यापासून एका जागी टिकली नव्हती, म्हणून मामाने ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पण पाचवीत अपूर्णांक आले आणि वाटेत कुणी बोट आडवं धरावं तशी ही मुंगी थबकली. एकावर एक लिहिलेल्या त्या आकड्यांकडे ती अशी बघायची, जसं एखाद्या अनोळखी घराच्या बंद दाराकडे बघावं.

गणिताच्या बाई वाईट नव्हत्या. उलट बिचाऱ्या घसा बसेपर्यंत शिकवायच्या. पण वर्ग असा खच्चून भरलेला, की मागच्या बाकावरचं पोर जागं आहे की झोपलंय हे विचारूनच कळायचं. फळ्याच्या डाव्या टोकाला गणित सुरू व्हायचं आणि उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावीकडचं पुसायची वेळ यायची. मधेच बाई विचारायच्या, कळलं का? सगळा वर्ग एका सुरात हो म्हणायचा. मुंगीही म्हणायची. नाही म्हणायचं तर उभं राहावं लागतं आणि उभं राहिलं की सगळे वळून बघतात.

चाचणीत तिला वीसपैकी चार मिळाले. बाईंनी आईला बोलावून घेतलं. पुढच्या सत्रापासून गणिताचे दोन गट होणार होते, नेहमीचा आणि सावकाश. सावकाश गटात गेल्या वर्षीचंच गणित पुन्हा, हळूहळू. जे काठावर आहेत त्यांना एक संधी मिळणार होती. पंधरा दिवसांनी, शाळा सुटल्यावर, एकेकाने फळ्यावर गणित सोडवून दाखवायचं.

“सावकाश गटातून कुणी परत येत नाही असं मी म्हणणार नाही,” बाई म्हणाल्या आणि खडूने माखलेले हात झटकत राहिल्या. “पण अजून कुणी आलेलं बघितलं नाही. मला एकेकाजवळ बसायला सवड नाही हो. तुम्ही घरी बघा काहीतरी.”

हे सगळं मुंगीला सांगायचं नाही असं आईने ठरवलं होतं. पण शाळेतल्या गोष्टी आईबापांच्या आधी पोरांना कळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता मुंगीने विचारलं, “आई, मी मंद आहे का गं?” रडून नाही, रुसून नाही. बाहेर गार आहे का, स्वेटर घालू का, असं विचारावं तसं. आई नाही म्हणाली, पण इतक्या घाईने म्हणाली की तिचं तिलाच ते खोटं वाटलं. त्या दिवसापासून तिला गटाची काळजी कमी आणि त्या प्रश्नाची जास्त लागून राहिली.

आणि घरी बघा म्हणजे आणखी काय बघायचं? ती बघतच तर होती. स्वतः कला शाखेची पदवीधर. दहावीनंतर गणिताला तिने जो रामराम ठोकला तो कायमचा. पण पोरीसाठी पुन्हा पुस्तक उघडून अंश, छेद, लसावि सगळं घोकून घेतलं होतं. रोज संध्याकाळी ती मुंगीशेजारी खुर्ची ओढून बसायची आणि पेन्सिलीच्या टोकावरून नजर हलवायची नाही. मुंगी सोडवायची आणि उत्तर बरोबर यायचं. मग शाळेत काय होतं? तिने पोरीचे डोळे तपासून घेतले, कान तपासून घेतले. डॉक्टरांनी सांगितलं, मुलगी ठणठणीत आहे, तुम्हीच जरा झोप घेत जा. मुंगीच्या बाबाचं मत विचारलं तर तो म्हणाला, येईल गं हळूहळू. हळूहळू या शब्दावर त्या दिवशी तो जेवण होईपर्यंत बोलणी खात राहिला.

शेवटी तिने भावाला फोन लावला.

हा भाऊ तिच्याहून लहान. आता चांगला इंजिनियर झालेला, दूरच्या एका पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाळीवर बसणारा, पोट सुटलेला, पण तिच्या तोंडी अजून बाळ्याच. बाळ्याला गणित येत होतं आणि संध्याकाळच्या पाळीत त्याला निवांतपणा असायचा. मात्र तिथून फोनवर चित्र काही दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. त्यालाही मागे पंपांची घूं-घूं. आईला हे पसंत नव्हतं. कागद न बघता कुणी गणित शिकवतं का? बाळ्या म्हणाला, तू ठेव तर फोन टेबलावर, बघू.

पहिल्या दिवशी फोन टेबलाच्या मधोमध, एका बाजूला मुंगी, तिच्याशेजारी आई. मामाने आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाला, सांग बघू, एक छेद तीन मोठा की एक छेद चार?

मुंगीने दोन्ही आकडे कागदावर लिहिले. पेन्सिल चारकडे गेली, मग तीनकडे आली. “एक छेद तीन,” ती म्हणाली.

आई सुखावली. मामा म्हणाला, “का?”

मुंगीने वर बघितलं. आईकडे. आईलाही का ते नीट सांगता आलं नसतं, पण तो प्रश्न वेगळा. मुंगी बघत राहिली, पंप घूं-घूं करत राहिले आणि काही केल्या उत्तर येईना. मामाने पुढचं विचारलं, त्याचं उत्तर बरोबर आलं. का म्हटलं की पुन्हा शांतता. असं तीन-चारदा झालं. मग मामाने मुंगीला पाणी पिऊन यायला सांगितलं आणि ती गेल्यावर म्हणाला, “ताई, तू ज्या खुर्चीवर बसलीयस ती जुनी आहे का गं?”

“आता खुर्चीचं काय मधेच?”

“करकरते ती. पोरगी चुकीचं उत्तर बोलायला लागली की खुर्ची करकरते, आणि लगेच उत्तर बदलतं. माझे पंपसुद्धा बिघडायच्या आधी आवाज करतात, म्हणून कान तयार झालाय. ताई, ती कागद वाचत नाहीये. तुला वाचतेय.”

आईला राग आला. म्हणजे काय, मी उत्तरं सांगते? अरे, मी तोंडातून ब्र काढत नाही! बाळ्या म्हणाला, तोंडातून नाहीच. आणि त्याने लगेच पाळीचं काहीतरी कारण सांगून फोन ठेवला. लहान भावाला मोठ्या बहिणीचा राग ओळखता येतो, दिसत नसला तरी.

रात्रभर हे तिच्या मनात सलत राहिलं. दुसऱ्या दिवशी मामाच्या फोनआधी तिने मुंगीला एक गणित घातलं, अर्धा अधिक एक छेद तीन. मुंगीने आधी दोन छेद पाच लिहिलं, वरचे वर आणि खालचे खाली मिळवून, जसं ती नेहमी करायची. आणि मग, आईने काहीही न करता, निदान आईला तसं वाटत असताना, मुंगीने वर पाहिलं आणि ते खोडलं. छेद सहा केला, थांबली, वर पाहिलं. तीन लिहिले, वर पाहिलं. दोन लिहिले. पाच छेद सहा. उत्तर बरोबर होतं.

आता आईने मुद्दाम भुवया वर केल्या. जराशाच.

मुंगीने तत्क्षणी खोडरबर उचललं आणि ते बरोबर उत्तर खसाखसा पुसून टाकलं. कागदावरचा भुगा फुंकला आणि पुढच्या हुकमाची वाट बघत आईच्या तोंडाकडे पाहिलं. चेहऱ्यावर शंका नाही, वाईट वाटणं नाही. किती विश्वासाने पुसलं होतं तिने! इतके दिवस पोरगी अपूर्णांक शिकत नव्हती, तिच्या भुवया शिकत होती. आणि त्यात ती चांगली हुशार होती. पहिला नंबर आला असता. पण शाळेच्या बाकाला भुवया कुठून असणार?

त्या संध्याकाळी फोन टेबलावर ठेवून आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

आता एखाद्या आईला दाराआड उभं राहून गप्प बसायला सांगणं म्हणजे मांजराला दुधावर पहारा द्यायला सांगण्यासारखं. कान दाराला, हात कांद्यावर. मुंगी पलीकडे चुकली की हातातली सुरी थांबायची. एकदा तर मुंगी म्हणाली, एक छेद चार मोठा, कारण चार मोठे, आणि आईच्या हातून पातेल्यावरचं झाकण सटकून फरशीवर घणघणलं.

“ताई,” फोनमधून मामाचा आवाज आला, “झाकणांनी उत्तर सांगायचं नाही.” मुंगी खुदकन हसली. आईने झाकण उचललं आणि पदवीधर असूनसुद्धा दारामागून जीभ काढून दाखवली.

पण मामाची एक गोष्ट तिला सहन होईना. गणित ऐन रंगात आलं, मुंगी अडकली, आता सांगायला हवं अशी वेळ आली की हा पठ्ठ्या म्हणायचा, “थांब गं मुंगे, व्हॉल्व्ह बघून येतो. तू बोलत राहा, फोन चालूच आहे.” आणि गायब. मागे नुसती घूं-घूं. रोज तेच. कधी एका शिकवणीत दोनदोनदा. पोरगी एकटी फोनशी बोलत बसायची. पहिले दिवस ती गप्प राहायची, पाय हलवायची, पेन्सिल चावायची. आई दाराआड तडफडायची. मग करमेना म्हणून मुंगी फोनशी बडबडायला लागली. मामा, आता मी काय केलं माहितीये, खालचे सारखे केले. का केले? कारण... थांब हं. कारण वाटे सारखे नसले तर भांडण होतं. आणि मामा यायचा तेव्हा अर्धं गणित झालेलं असायचं, कधी बरोबर, कधी साफ वाकडं. वाकडं असलं तरी तो चूक म्हणायचा नाही. म्हणायचा, हे आता माझ्या टाकीत घालून बघ.

ही टाकी म्हणजे त्याच्या पंपघराची. एकदा मुंगीने पुन्हा तेच केलं, अर्धा अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. मामा म्हणाला, माझी टाकी अर्धी भरलेली आहे, त्यात मी एक तृतीयांश टाकी पाणी ओतलं, आता किती भरली? दोन छेद पाच, मुंगी ठामपणे म्हणाली. बरं, मामा म्हणाला, व्हॉल्व्ह बघून येतो.

दाराआड आईने डोळे मिटून घेतले. बाहेर बराच वेळ काही आवाज नव्हता. मग मुंगी पुटपुटायला लागली. दोन छेद पाच. पाचाचे अर्धे अडीच. दोन म्हणजे अडीचहून कमी. म्हणजे अर्ध्याहून कमी. आधी अर्धी होती. वर पाणी ओतलं. आणि कमी झाली?

मग ती एकदम हसत सुटली. “मामा! ए मामा! तुझी टाकी गळतेय!”

आई हातातला कांदा घेऊन तशीच उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं त्याला कांद्याचं निमित्त झालं, ते बरं झालं.

तेव्हापासून त्या घरात चूक हा शब्द बंद झाला. उत्तर आलं की मुंगी स्वतःलाच विचारायची, गळते का? गळत असेल तर पुसायचं आणि पुन्हा भरायचं. बाबासुद्धा शिकला. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणायचा, आज गळलंय जरा. त्याला मिळायचं ते उत्तर तो मुकाट गिळायचा.

फळ्यावरच्या गणिताच्या आदल्या दुपारी आईने बाळ्याला एकटीने फोन केला. आज तरी शेवटच्या शिकवणीत धड बस, तिने बजावलं, तो मेला व्हॉल्व्ह दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांग, आणि मुळात तुमच्या पंपघरात व्हॉल्व्ह आहेत तरी किती?

बाळ्याने आधी घसा खाकरला. मग म्हणाला, “हाताने फिरवायचा एकही नाही. सगळं बटणांवर आहे. मी खुर्चीतून उठतसुद्धा नाही.”

“मग जातोस कुठे?”

“कुठे जाणार? फोन कानालाच असतो. फक्त बोलत नाही. तुला काय वाटतं, सोपं असतं? पोरगी अडकलेली ऐकू येते आणि उत्तर माझ्या जिभेवर असतं. ओठ चावून बसतो.” मग तो हसला. “तुला नाही जमायचं म्हणा. माझ्या बुटांची नाडी मी आठवीत जाईपर्यंत तूच बांधत होतीस. हॉस्टेलला गेलो तर पहिल्या दिवशी नाडी सुटली आणि मी वाट बघत उभा, कुणीतरी खाली वाकेल म्हणून.”

“बांधायचे, कारण तू पडायचास,” ती म्हणाली.

“पडायचो ना. प्रेमानेच बांधायचीस. मी कुठे नाही म्हणतो?”

फोन ठेवल्यावर दारात पडलेल्या मुंगीच्या छोट्या बुटांकडे ती बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मुंगीला घेऊन वर्गापाशी गेली. आपण बाहेरच थांबायचं, हे तिचं पक्कं ठरलं होतं. पण बाई दारातच म्हणाल्या, आत बसा ना, मागे, झालं की लगेच बोलून घेऊ, मला पुढे मीटिंग आहे. नाही कसं म्हणणार? ती मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसली. तिच्या मापाचा नव्हताच तो. टेकली मात्र, बाक करकरला. ती जागच्या जागी गोठली.

बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं. तीन छेद चार अधिक एक छेद सहा. मुंगीने खडू हातात घेतला, गणिताकडे बघितलं आणि सवयीने मान वळवायला सुरुवात केली.

ती नजर पोचायच्या आत आईने पाठ फिरवली. आख्खी. बाकावर उलटी बसली, भिंतीकडे तोंड करून, जणू शिक्षा झालेलं पोर. बाईंना काय वाटलं असेल ते असो.

भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं चिकटवलेली होती, माझे कुटुंब म्हणून. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती चित्रं बघत गेली आणि मधल्या ओळीत मुंगीचं चित्र सापडलं. बाबा, हातात पिशवी. मधे टिंबाएवढी मुंगी. आणि आई. आईला नाक नव्हतं, कान नव्हते. होत्या त्या दोन भुवया, केसांच्याही वर उडालेल्या, दोन मोठ्या पाखरांसारख्या. आणि खाली मोठ्ठं हसू. आईला हसू आवरेना आणि रडू आवरेना. दोन्ही आवरायला तिने तळहात तोंडावर दाबून धरला, कारण बाक करकरता कामा नये.

मागे खडू चालला. टक, टक. लगेच थांबला. फार लगेच. चार छेद दहा लिहिलं असणार, वरचे वर, खालचे खाली. तिला मानेच्या मागच्या बाजूला पोरीची नजर जाणवली, ऊन जाणवावं तशी. फक्त जरा मान वळवायची. जराशी भुवई. सावकाश गट टळेल, बाई खूश होतील, पोरगी हसत घरी येईल. तिने ओठ चावले. बाळ्या, मेल्या, रोज असं बसायचास तू?

बाईंनी घड्याळ बघितलं असावं, बांगडी वाजली.

मग एक बारीकसा आवाज आला, फळ्याशी बोलत असलेला. “थांब हं मामा. तीन छेद चार म्हणजे पाऊण. पाऊण होती. वर ओतलं. आणि आता... अर्धीसुद्धा नाही.” मधे श्वास. “गळली.”

फडक्याने पुसल्याचा आवाज. मग खडू पुन्हा लागला, या वेळी हळू, मधेमधे थांबत, पण न वळता. ते मात्र आईला पाठीनेच कळलं. नजर आता तिच्या मानेवर नव्हती. तिथे गार वाटत होतं. रिकामं वाटत होतं, खरं सांगायचं तर.

“अकरा छेद बारा,” मुंगी म्हणाली.

“का?” बाईंनी विचारलं.

आईने डोळे घट्ट मिटले.

“खालचे बारा केले, वाटे सारखे झाले. नऊ आणि दोन. आणि टाकी काठापर्यंत आली, पण सांडली नाही. म्हणजे बरोबर आहे.”

टाकी कुठली, हे बाईंना कळलं नसणार. पण त्या थोडं थांबून म्हणाल्या, आणखी एक देते. आणि ते दिलं. आणि तेही गळून, पुसून, भरून झालं. मग खडू खाली ठेवल्याचा आवाज आला आणि बाई म्हणाल्या की मुंगीला नेहमीच्याच गटात राहू दे. जरा वेळ लावते, पण वेळ लावणं म्हणजे मंद असणं नव्हे, हे त्या जणू स्वतःलाच सांगितल्यासारख्या बोलल्या.

आई अजून भिंतीकडेच बघत होती. वळावं की नाही तिला कळेना. छोटी पावलं बाकांच्या मधून तुरुतुरु आली आणि खडूने माखलेलं एक बोट तिच्या पाठीत टोचलं.

“आई, वळ की. आता बघितलंस तरी चालेल.”